राज्य लीग खेळणाऱ्या मुलीच्या वडिलांना

कोल्हापूरच्या एका पालकांनी विचारले आहे: माझ्या मुलीला दहावीला ९१ टक्के गुण मिळाले असून तिने अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला आहे. गेल्या वर्षी ती एका क्लबकडून राज्यस्तरीय महिला फुटबॉल लीग खेळली. यंदाच्या नोंदणीसाठी पालकांची सही लागते आणि मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. लीग खेळून सरकारी नोकरीची खात्री असेल तर मी सही करतो, नाहीतर दोन वर्षे फुटबॉल पूर्ण बंद, असे मी तिला सांगितले आहे. माझा निर्णय बरोबर आहे ना?

सप्रेम नमस्कार.

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. त्यात मुलीच्या टक्केवारीचा उल्लेख पाच वेळा आणि शिकवणीच्या फीचा दोन वेळा आला आहे. पण ती बचावात खेळते की आघाडीला, हे कुठेच आलेले नाही आणि पुढे काय करावे असे तिला स्वतःला वाटते, याबद्दलही एक ओळ नाही. तिच्या गुणांची मला चिंता नाही. चिंता वाटते ती तुम्ही दुसऱ्या पानावर सहज लिहून गेला आहात त्या वाक्याची: तिचे बूट आणि शिनगार्ड तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत आणि पहिल्या चाचणीत नव्वदच्या वर गुण पडले तरच ते खाली काढणार आहात.

हे तुम्ही तिच्या भल्यासाठी केले आहे याबद्दल मला शंका नाही, पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहा. तुम्ही तिचे बूट गहाण ठेवले आहेत, त्यामुळे अभ्यास ही ते सोडवून घेण्यासाठी भरायची रक्कम झाली आहे. जी मुलगी कालपर्यंत आपणहून पुस्तक उघडत होती आणि सकाळचा सराव सांभाळून ९१ टक्क्यांपर्यंत पोहोचली, तिला आता भौतिकशास्त्राचे प्रत्येक प्रकरण म्हणजे वसुली वाटेल. तुम्ही स्वतः लिहिले आहे की गेले दोन महिने ती जेवताना बोलत नाही आणि रात्री पुस्तक समोर ठेवून नुसती बसून असते. याला तुम्ही ‘फुटबॉलचे खूळ’ म्हणता. मला ते तसे वाटत नाही. दहावीच्या वर्षात खेळ आणि अभ्यास दोन्ही चालू असताना जे घडले नाही, ते खेळ बंद झाल्यावर घडले आहे, याची नोंद तुमच्याच पत्रात आहे.

तुमच्या या कठोरपणाचे मूळ कुठे आहे, तेही तुम्ही प्रामाणिकपणे सांगितले आहे. तरुणपणी तुम्ही पेठेतल्या एका तालमीकडून फुटबॉल खेळलात, शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीच्या टाळ्या घेतल्या आणि गुडघा दुखावल्यावर मात्र विचारपूस करायलाही कोणी आले नाही. ते दुःख खरे आहे आणि त्यातून आलेली सावधगिरीही समजण्यासारखी आहे. पण त्याच पत्रात पुढे तुम्ही ‘मुलगा असता तर गोष्ट वेगळी होती’ असे लिहिता, तेव्हा माझी अडचण होते. गुडघा मुलाचाही दुखावतो, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

तिच्या शिक्षणाबद्दल वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही: एमएचटी-सीईटी, जेईई किंवा नीट यांपैकी कोणत्याही परीक्षेची तयारी ती करू शकते आणि त्यांची माहिती तुम्ही आधीच मिळवलेली दिसते.

मुलींचा फुटबॉल ही ‘काल-परवाची हौस’ आहे, हे तुमचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी लखनऊला महिलांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. १९८० साली कोझिकोडला झालेल्या महिलांच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आणि १९८३ साली बँकॉकला आपला संघ उपविजेता होता. शांती मलिक यांना १९८३ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू ठरल्या. उणीव होती ती वर्षभर चालणाऱ्या व्यवस्थेची. राष्ट्रीय स्पर्धेच्या काही दिवसांसाठी राज्याची जर्सी घालायची आणि मग पुढच्या वर्षापर्यंत घरी बसायचे, असे कित्येक पिढ्यांनी सोसले. देशपातळीवरची इंडियन विमेन्स लीग थेट २०१७ च्या जानेवारीत नवी दिल्लीला सुरू झाली आणि तिथे संघ पाठवायचा तर राज्यात क्लबांची स्पर्धा हवी, या गरजेने राज्य लीगांना खरे महत्त्व आले. ज्या राज्यांनी मुलींना आधीपासून सामने दिले होते, ती पुढे राहिली. पहिले विजेतेपद मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने घेतले, ते उगीच नाही. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची वीसहून अधिक विजेतेपदे त्या छोट्या राज्याकडे आहेत. त्या स्पर्धेच्या करंडकाला आज राजमाता जिजाबाईंचे नाव आहे, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल.

महाराष्ट्राची कहाणी इतकी सरळ नाही. आपल्याकडे ही जबाबदारी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची, म्हणजे विफाची. ही संघटना १९११ सालची असली तरी मुलींच्या वाट्याला तिथे फार उशिरा जागा आली. एफसी पुणे सिटीचा महिला संघ दिल्लीच्या त्या पहिल्या हंगामात खेळला आणि २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला. तुमच्याच गावाच्या नावाचा एफसी कोल्हापूर सिटी हा संघ २०१९ साली लुधियानाला आणि २०२० साली बंगळूरला देशपातळीवरच्या अंतिम फेरीत खेळला. ज्या शहरात पुरुषांच्या सामन्याला पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात, त्या शहराच्या मुली देशातल्या निवडक बारा संघांत होत्या आणि तुमच्यासारख्या जुन्या खेळाडूच्या पत्रात त्यांचा उल्लेखही नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण त्यात एक मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हे बरोबर. पण क्लबकडून राज्य लीग खेळली की ते लागू होते, असे नाही. त्यासाठी नियमांत नमूद केलेल्या अधिकृत स्पर्धेतली कामगिरी लागते; पदाचा गट जितका वरचा, तितका स्पर्धेचा स्तरही वरचा लागतो; प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते आणि भरतीची परीक्षाही द्यावी लागते. क्लबच्या जर्सीत खेळणे वेगळे आणि जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या संघातून खेळणे वेगळे. लीगचा उपयोग इतकाच की राज्याचा संघ निवडणाऱ्यांना मुलगी एका चाचणीत नव्हे, तर सलग काही सामन्यांत दिसते. मणिपूरच्या फुटबॉलपटू बेमबेम देवी आणि बाला देवी या दोघी पोलीस दलात आहेत हे खरे, पण त्यांच्यामागे राज्यासाठी आणि देशासाठी खेळलेली कित्येक वर्षे आहेत. एका लीगच्या नोंदणी अर्जावर सही करताना तुम्ही त्या नोकरीची हमी मागत असाल, तर ती हमी कोणीही देऊ शकणार नाही. कोणी देत असेल तर त्या माणसापासून मुलीला दूर ठेवा.

पैशाबद्दलही स्पष्ट बोललेले बरे. राज्य लीगवर घर चालत नाही. इंडियन विमेन्स लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा, असे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये ठरवले, यावरून वरच्या पायरीचाही अंदाज यावा. जुलै २०२५ मध्ये भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली, तरी क्लब अजूनही एका हंगामात उभे राहतात आणि पुढच्या हंगामात नाहीसे होतात. म्हणून शिक्षण सोडून फुटबॉल खेळ, असे मी तिला कधीही सांगणार नाही. पण अकरावीच्या वर्षातले काही आठवडे आणि रोजचा दीड तास एवढाच हा प्रश्न असताना तुम्ही त्याला तिच्या आयुष्याच्या निर्णयाचे रूप दिले आहे. खेळाशी जोडलेल्या इतर वाटाही आहेत. फिजिओथेरपी आहे, प्रशिक्षकाचे परवाने आहेत, पंचगिरी आहे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ च्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकात सहायक पंच होत्या. या वाटांची चर्चा दोन वर्षांनी तिच्याशी करता येईल आणि ती तिच्याशीच व्हायला हवी.

तुमचा निर्णय बरोबर आहे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे, आणि या घरात आज मार्गदर्शनाची गरज मुलीपेक्षा तुम्हाला अधिक आहे असे मला वाटते. चाचणीची अट मागे घ्या आणि ती तुम्ही मागे घेतली आहे हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगा; हे काम तिच्या आईवर सोपवू नका. यंदाच्या लीगचे सामने कुठे आहेत, सोबत कोण जाणार, राहण्याची सोय काय आणि दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, हे क्लबला विचारा, जमल्यास लेखी घ्या. तुमच्या वेळी हे विचारणारे कोणी नव्हते. ही उत्तरे समाधानकारक असतील तर महिनाअखेरीची वाट न पाहता सही करा आणि माळ्यावरचे बूट खाली काढा. ते गेल्या वर्षीचे आहेत. तेच माप अजून बसते का, हे तिला घालून पाहायला सांगा.