बोलल्याशिवाय जिंकता येऊ नये

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. रविवारच्या मराठी शाळेत पोरं दुसऱ्या तासाला घड्याळाकडे बघायला लागतात, असं लिहिलंस. बघणारच! आठवडाभर तिकडची इंग्रजी शाळा, शनिवारी सॉकर आणि रविवारी आईबाबांच्या हौसेखातर पुन्हा बाक.

खेळ घेतेस ते उत्तमच, पण तुझी यादी मला अर्धीच पटली. संगीत खुर्चीत मराठी कुठे आलं? तोंड न उघडता जिंकता येत असेल, तर ती मधली सुट्टी झाली.

त्यापेक्षा 'आईचं पत्र हरवलं' घे. 'ते मला सापडलं' दोन फेऱ्यांत सगळ्यांच्या तोंडी बसतं. मग हातातली वस्तू बदल. रुमाल दिलास की 'आईचा रुमाल हरवला', आणि गोलातल्यांनी म्हणायचं, 'तो मला सापडला'. वही दिलीस की 'आईची वही हरवली, ती मला सापडली'. चा-ची-चं, तो-ती-ते, शिवाय क्रियापद, सगळं पळता पळता बदलावं लागतं. कुणी चुकलं तर खेळ अडवू नकोस, पुढच्या फेरीत तूच बरोबर म्हण. लिंगांचा तक्ता त्यानंतर काढ.

आकड्यांसाठी हाउजी. एकोणसाठ पुकारलं की निम्मा वर्ग ६९ वर काट मारतो, बघ तू! पुकारायला मुलांनाच उभं कर, आणि 'लाइन' ओरडणाऱ्याने पाचही आकडे मोठ्याने वाचल्याशिवाय ती मंजूर करायची नाही.

तेरा-चौदा वर्षांच्यांना हे बाळबोध वाटेल. त्यांच्या जोड्या लाव, दोघांना जवळजवळ सारखी चित्रं दे आणि एकमेकांना न दाखवता, नुसतं विचारून फरक शोधायला सांग. किंवा आजीला फोन करून एखादा पदार्थ विचारून यायला सांग. आज्या खूश होतात, हा वरचा फायदा.

जिंकणाऱ्यांना बक्षीस म्हणून देतेस ती चॉकलेटं मात्र बंद कर. अमेरिकेत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला बालवाडीतल्या मुलांवरचा प्रयोग आहे. ज्यांना चित्रं काढण्याआधीच बक्षीस कबूल केलं होतं, ती पुढे मोकळ्या वेळात रंगांकडे कमी वळली. मुळात आवड असलेली मुलं होती ती!

आणि खेळ रंगात असतानाच थांबव. 'अजून एकदा' अशी ओरड होऊ दे, पुढच्या रविवारची सोय होते.

हाउजीची तिकिटं घरीच छाप, मराठी अंकांत. विकतच्या तिकिटांवर इंग्रजी आकडे असतात, मग अंकांची ओळख राहूनच जाते.

तुझी,
मावशी