पित्त झालंय हे डॉक्टरला इंग्रजीत कसं सांगू?

प्रश्न : लेकीकडे न्यू जर्सीला सहा महिने जायचंय, ती दिवसभर ऑफिसात. डॉक्टरकडे एकटीनं जायची वेळ आली तर काय बोलू? मला पित्ताचा त्रास आहे, पायाला मुंग्या येतात, बीपी पण आहे.

उत्तर : काकू, घाबरू नका, पण पित्त या शब्दानं भलेभले फसतात. आंबट ढेकर, छातीत जळजळ असेल तर 'हार्टबर्न' किंवा 'ॲसिड रिफ्लक्स' म्हणायचं, नावात हार्ट असलं तरी हृदयाशी संबंध नाही. अंगावर गांधी उठतात तेही आपल्याकडे पित्तच, तिकडे ते 'हाइव्ज'. मुंग्यांना 'टिंगलिंग', बधिरपणाला 'नम्बनेस'. आणि 'आय हॅव बीपी' नको हं, बीपी तर सगळ्यांनाच असतं, 'हाय ब्लड प्रेशर' असं पूर्ण म्हणा. शुगरचंही तसंच, सरळ 'डायबिटीस'. 'लूज मोशन' तिकडे पटकन कळत नाही, 'डायरिया' कळतं. कारण सांगायला 'आफ्टर' पुरतं, 'हार्टबर्न आफ्टर स्पायसी फूड', व्याकरण गेलं खड्ड्यात, डॉक्टर काय मार्क देणारेत का! कधीपासून ते 'सिन्स मंडे' असं, आणि चालू गोळ्यांची नावं कागदावर, कंपनीचं नाही तर आतल्या औषधाचं नाव, कारण आपले ब्रँड तिकडे बहुतेक मिळत नाहीत. अडलंच तर 'इंटरप्रिटर प्लीज' म्हणा, बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत फोनवरून दुभाषा जोडून देतात. मात्र छातीत दाबल्यासारखं वाटून घाम आला तर शब्द शोधत बसू नका, थेट 911 हा तिकडचा इमर्जन्सीचा नंबर लावा.