रिव्हॉल्व्हरच्या आधी कुलूप घ्या

ताई, तुम्ही विचारलंय ते असं: नागपूरच्या मिहानमधली शिफ्ट संपवून रात्री मनीषनगरला घरी येताना दोनदा दोघांनी गाडीवर तुमचा पाठलाग केला. मिस्टर पुण्याला नोकरीत, घरी सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. लायसन्स कसं मिळतं, कोणती रिव्हॉल्व्हर घ्यावी आणि ती पर्समध्ये ठेवली तर चालेल का?

चौदा वर्षांपासून माझ्याकडे परवान्याची रिव्हॉल्व्हर आहे, म्हणून लिहिते. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. पर्समध्ये नाही, कधीच नाही. पर्स आपण ऑफिसच्या टेबलावर ठेवतो, ऑटोत विसरतो, मुलं चॉकलेट शोधायला तिच्यात हात घालतात. दुचाकीवरून हिसकली जाते ती पर्सच. बाहेर नेण्याची गरज असेलच तर अंगावर, नीट बसणाऱ्या होल्स्टरमध्ये, ओढणीखाली झाकलेली. तीही सगळीकडे नाही. जत्रा, धार्मिक मिरवणूक, गर्दीचा कार्यक्रम, शाळा-कॉलेजचं आवार इथे परवाना असूनही नेता येत नाही. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत किंवा मुलाच्या स्नेहसंमेलनाला जायचं असेल तर ती घरीच राहणार. मग प्रश्न उरतो की घरी कुठे?

माझी चूक सांगते. महालक्ष्म्यांचे तीन दिवस, घरात तीसेक माणसं. माझी रिव्हॉल्व्हर दागिन्यांच्याच लॉकरमध्ये असायची. देवीला दागिने घालायचे म्हणून लॉकरची किल्ली दिवसभर या जावेकडून त्या जावेकडे फिरत होती आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही. दुपारी जेवणाच्या पंगती सुरू असताना नऊ वर्षांचा भाचा ती हातात घेऊन अंगणात आला. बाकी पोट्टे त्याच्यामागे. त्याने ती थेट माझ्या सासऱ्यांवर रोखली होती. गोळ्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात होत्या, एवढ्याच एका गोष्टीने आम्ही वाचलो. त्या रात्री मी झोपू शकले नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीत बोल्टने बसवायची लहान तिजोरी आणली. तिच्यात फक्त हत्यार, दुसरं काही नाही. किल्ली एकच माणूस वापरतो, ती मी.

म्हणून आधी कुलपाची सोय करा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जासोबत हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र द्यावंच लागतं. ते कागदापुरतं देऊ नका. आठ वर्षांच्या मुलाला उंच फळी अडवत नाही, त्याला आपली लपवायची जागा आपल्याआधी माहीत असते.

आणखी एक, जे विचारायला कोणी धजत नाही. घरात कोणी दारू पिऊन हात उचलत असेल, कोणी नैराश्यातून जात असेल, नुकतीच बाळंतीण झालेली बाई रात्ररात्र रडत असेल, तर त्या घरात हत्यार आणू नये. आधीपासून असेल तर तेवढ्या काळापुरतं परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. माझ्या धाकट्या बहिणीच्या वाईट दिवसांत ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी हेच केलं. यात लाज कसली?

आता लायसन्स. शस्त्र कायदा १९५९ चा, वय एकवीस पूर्ण हवं. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात; काटोल-उमरेडकडे राहत असता तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागलं असतं. अर्जासोबत शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षणही लागतं. पोलीस घरी येऊन, शेजारीपाजारी विचारून अहवाल देतात. बाई आहे म्हणून परवाना सोपा होत नाही. तुम्हाला खरा धोका आहे का, हेच पाहिलं जातं. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा असतो. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करायला सांगितलं जाऊ शकतं. वेळ लागतो म्हणून कोणी 'दुसरी सोय करून देतो' म्हटलं, तर त्या माणसाशी बोलणंच बंद करा. देशी कट्टा हातात फुटतो आणि तुरुंगात जाल ते तुम्ही.

कोणती घ्यावी? २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' आणली, .३२ बोरची, साधारण अर्धा किलो वजनाची, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास. हलकी म्हणून बायकांना सोयीची, असं दुकानदार सांगतात. पण हत्यार जितकं हलकं तितका हाताला झटका जास्त, आणि रिव्हॉल्व्हरचा चाप सवय नसलेल्या बोटाला जड लागतो. तुमच्या हाताला काय पेलतं ते हातात धरूनच कळेल. आधी सहा महिने दहा मीटरच्या रेंजवर एअर पिस्तूल चालवा. तिथे शिस्त लागते: नळी नेहमी सुरक्षित दिशेला, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं, निशाण्याच्या पलीकडे काय आहे ते आधी पाहायचं. फ्लॅटमध्ये हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा, कारण दारातून किंवा पातळ पार्टिशनमधून गोळी आरपार जाते आणि पलीकडे सासूबाई झोपलेल्या असतात. साफ करताना रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरं डोळ्यांनी बघा, मग बोट फिरवून बघा. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, राहू शकते. 'रिकामीच आहे' म्हणताना झालेले अपघात तिथलेच.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण त्याला मर्यादा आहेत. गरजेपुरताच बळाचा वापर, आणि धोका टळला की हक्कही संपतो. पळून जाणाऱ्या माणसाच्या पाठीत गोळी घातली तर आरोपी तुम्ही. नुसतं घाबरवायला बाहेर काढणं तर अजिबात नको. समोरचा दोन पावलांवर असेल तर ते हत्यार त्याच्या हातात जायला वेळ लागत नाही.

आणि तुमचा धोका आज रात्रीचा आहे, लायसन्सला महिने लागतील. त्या दोन्ही रात्रींची तारीख, वेळ, रस्ता, गाडीचा रंग आणि नंबर जेवढा आठवेल तेवढा आजच लिहून काढा आणि ठाण्यात लेखी तक्रार द्या. बाईचा पाठलाग करणं हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तक्रारीच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का घ्या. पुढे परवान्याच्या अर्जात धोका दाखवायला हाच कागद लागेल. कंपनीकडे रात्रीच्या गाडीची मागणीही लेखी करा. पुन्हा कोणी मागे लागलं तर घराकडे वळू नका, त्यांना घर दाखवू नका. उजेडाच्या, वर्दळीच्या पेट्रोल पंपावर थांबा आणि तिथून ११२ लावा.