ऑपरेशन चांगलं झालं, मग रात्री पाय का स्वस्थ बसू देत नाहीत?

"ताई, गुडघा बरा होतोय हो, पण मीच बरी नाहीये." काकू खुर्चीत टेकल्या टेकल्या पहिलं हेच बोलल्या. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, पण गोष्ट खरी आहे आणि लिहितेय कारण हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, ऑपरेशन नीट झालंय, रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी संध्याकाळ झाली की पाय वळवळायला लागतात, झोप नाही, म्हणजे माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय का?

काकूंचं गुडघा बदलायचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले होते. जखम कोरडी, एक्स-रे छान, फिजिओ खूश. पण रात्री आठ वाजले की दोन्ही पोटऱ्यांच्या आतून कुणीतरी खेचतंय असं व्हायचं, दुखणं नाही, मुंग्याही नाहीत, नुसती तगमग, पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही. मग वॉकर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या, पाच मिनिटं बरं वाटायचं, पलंगावर आडवं झालं की परत तेच. रात्रीचे अडीच तीन वाजायचे. घरच्यांना वाटलं ऑपरेशनचं टेन्शन घेतलंय, मुलाने माझी अपॉइंटमेंट घेतली तेव्हा कारण सांगितलं, "आईला अँग्झायटी आहे, झोपत नाही."

आणि मी पण तेच धरून चालले, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. पहिल्या भेटीत मी त्यांना श्वासाचा व्यायाम दिला, पडून राहून पायापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव ढिला सोडायचा तो. पुढच्या आठवड्यात काकू आल्या त्या रडवेल्या होऊन. "तुम्ही सांगितलं तसं पाय ढिले सोडायला गेले ना ताई, तिथेच सगळं वाढलं. आता मला आरामही करता येत नाही का हो?" मग त्यांनी चप्पल काढून टाच दाखवली, चादरीवर घासून घासून दोन्ही टाचांची कातडी लाल झालेली, एका बाजूला सोललेली. ते बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की मी चुकीचा प्रश्न विचारत होते.

काळजीने अस्वस्थ झालेल्या माणसाला शांत पडल्यावर सहसा थोडं तरी हायसं वाटतं. इथे उलटं होतं, शांत पडलं की वाढतं, हललं की कमी होतं, सकाळी जवळजवळ काहीच नाही आणि संध्याकाळी ठरल्या वेळी हजर. हे रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमचं, म्हणजे आरएलएसचं चित्र आहे. मग विचारलं, पूर्वी कधी असं झालं होतं? काकू जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "धाकट्याच्या वेळी शेवटच्या तीन महिन्यांत व्हायचं. आणि माझी आई तर रोज रात्री पाय चोळत बसायची." हे दोन्ही धागे महत्त्वाचे, आरएलएस घराण्यात चालतो आणि गरोदरपणात बऱ्याच जणींना डोकं वर काढतो. म्हणजे काकूंना तो नव्याने झाला नव्हता, दबून होता, ऑपरेशनने उसळला.

हे मानसिक नाही हे त्यांना पटावं म्हणून मी सांगितलं की थॉमस विलिस नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टरांनी 1672 मध्येच अशा पेशंटचं वर्णन केलंय ज्यांना हातापायांच्या या तळमळीने रात्री झोप लागत नव्हती, आणि 1945 मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी याचा नीट अभ्यास मांडला. काकू म्हणाल्या, "म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी पण कुणीतरी रात्री असंच फिरत होतं." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

आता ऑपरेशनने का उसळतं ते. आरएलएस असलेल्यांच्या मेंदूत लोह कमी पडतं आणि त्यामुळे डोपामिनचं, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाचं, काम बिघडतं, असं आज मानलं जातं. मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्त जातं, आणि एक मिलीलीटर रक्तात साधारण अर्धा मिलीग्रॅम लोह असतं, म्हणजे अर्धा लीटर गेलं तर अडीचशे मिलीग्रॅम लोह गेलं. हा झाला पहिला फटका. दुसरा फटका सुजेचा, आणि लोकांना हा माहीतच नसतो. जखम भरताना शरीरात जो दाह असतो, ज्याला डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतात, त्यात यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त बनवतं. हे हार्मोन लोहाच्या दारांना कुलूप लावतं, आतड्यातून लोह रक्तात येत नाही आणि पेशींमध्ये साठलेलं बाहेर पडत नाही. कोठार भरलेलं पण किल्ली दुसऱ्याकडे, असं होतं.

आणि इथेच रिपोर्ट फसवतो. काकूंचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, 138 आलेलं, कागदावर कुठे स्टार नाही, काही नाही, त्यामुळे "लोह उत्तम आहे" म्हणून विषय बंद. पण फेरिटिन सूज असली की आपोआप वाढतं, साठा तेवढाच असो नाहीतर कमी असो. म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे दाह किती आहे ते, आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात वापरायला लोह किती आहे ते, बघावं लागतं, ते पण सकाळी उपाशीपोटी. सॅच्युरेशन 20 टक्क्यांच्या खाली असेल तर फेरिटिन चांगलं दिसत असलं तरी लोह हाताशी नाही असं समजतात. शिवाय आरएलएसमध्ये फेरिटिनची रेषाही वेगळी आहे, साध्या लॅबला 30-40 पण नॉर्मल वाटतं, इथे 75 किंवा त्याच्या खाली आलं की डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात.

मी डॉक्टर नाही, गोळ्या बदलणं माझं काम नाही. पण डॉक्टरांसमोर काय न्यायचं ते ठरवायला मदत करणं माझं काम आहे. आम्ही दोघींनी बसून एक कागद केला, आठवडाभराच्या रात्री, तगमग किती वाजता सुरू, किती वाजता झोप, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पाकिटं समोर ठेवून. त्यात मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड निघालं, हॉस्पिटलमधून घरी येताना दिलेलं आणि कुणी बंद करायला सांगितलंच नाही म्हणून चालूच. हे औषध डोपामिन अडवतं, आरएलएसवाल्याला ते म्हणजे आगीत तेल. झोपेसाठी घरात पडलेली गुंगीवाली अ‍ॅलर्जीची गोळी पण त्या घेत होत्या, ती पण पाय बिघडवते, काकू बिचाऱ्या झोप यावी म्हणून घेत होत्या आणि त्यानेच झोप जात होती. आणखी एक, दुखण्यासाठीची ट्रामाडोल तीन आठवड्यांपूर्वी थांबली होती. ही ओपिऑइड जातीची, म्हणजे अफूसारखं काम करणारी औषधं आरएलएस दाबून ठेवतात, बंद झाली की तो दुप्पट जोराने येऊ शकतो, आणि काकूंच्या तारखा अगदी तशाच जुळल्या.

डॉक्टरांनी कागद नीट वाचला. सॅच्युरेशन 11 टक्के आलं, सीआरपी अजून वाढलेलं. मेटोक्लोप्रामाइड आणि अ‍ॅलर्जीची गोळी बंद केली, कुठे इन्फेक्शन नाही ना ते तपासलं आणि लोह शिरेतून दिलं, कारण आतड्याचं दार बंद असताना तोंडाने दिलेलं फारसं आत जात नाही. मी काकूंना आधीच सांगून ठेवलं की फरक दुसऱ्या दिवशी दिसणार नाही, काही आठवडे लागतात, नाहीतर माणूस चौथ्या दिवशी खचतो. आणि हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका प्लीज, जास्तीचं लोह शरीर बाहेर टाकू शकत नाही, तपासणी आधी.

मधले आठवडे काढायचे कसे, ते मात्र आमचं काम होतं. एक तर पलंगावर पडून पायांशी भांडायचं नाही, सुरू झालं की उठायचं, पण दिवा लावून, वॉकर हाताला लागेल असा ठेवून, कारण अंधारात धडपडलं तर नवा गुडघा जातो. फिजिओला विचारून व्यायामाची एक वेळ संध्याकाळी घेतली. आणि डोकं गुंतवायचं, नुसता टीव्ही नाही, मन लागेल असं काम. काकूंनी विणकाम काढलं, म्हणाल्या की टाके मोजताना पाय विसरायला होतात. हे खरंच होतं, मन जागं आणि कामात असलं की तगमग कमी जाणवते. काकांनाही एकदा बोलावलं, ते चिडून हॉलमध्ये झोपायला लागले होते, त्यांना वाटायचं ही मुद्दाम पडून राहत नाही. त्यांना टाचा दाखवल्या. काही बोलले नाहीत, पण त्या रात्रीपासून खोलीत परत आले आणि अडीच वाजता फेऱ्या मारताना सोबत चालायला लागले.

एक गोष्ट ठळक सांगते. दोन्ही पायांत तगमग वेगळी, पण एकाच पोटरीला सूज, लाली, गरमपणा, दुखणं आलं तर ते आरएलएस समजून थांबू नका, रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दाखवा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका. तसंच उलटीच्या औषधानंतर दिवसभर सगळं अंगच स्वस्थ बसू देत नसेल, फक्त रात्री आणि फक्त पाय असं नसेल, तर तो औषधाचा वेगळा परिणाम असू शकतो, तेही लगेच कळवा.

लोह दिल्यानंतर सहाव्या आठवड्यात काकू आल्या तेव्हा सलग पाच तास झोपत होत्या. तगमग पूर्ण गेली नव्हती, आठवड्यातून दोन रात्री यायची, पण आता ती काय आहे हे माहीत होतं. दुसरा गुडघा सहा महिन्यांनी करायचा ठरलाय. त्यासाठी त्यांनी एक चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवलीये, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्यायला: "मला आरएलएस आहे. मेटोक्लोप्रामाइड आणि गुंगीच्या अ‍ॅलर्जी गोळ्या नकोत, मळमळीला दुसरं काही द्या. लोह ऑपरेशनच्या आधीच तपासा. शक्य तितक्या लवकर उठवून चालवा." खाली काकांनी आपल्या हाताने लिहिलंय, "रात्री फिरावंसं वाटलं तर मला उठवा."