पेनड्राइव्हवरचा सिनेमा आणि करारातली हमी

प्रश्न: मी पटकथालेखक आहे. एका निर्मात्याने दुसऱ्या भारतीय भाषेतला चित्रपट पेनड्राइव्हवर दिला. म्हणाले, "हाच मराठीत करायचाय. नावं-गावं बदला, तीस टक्के फरक पडला की कुणी काही करू शकत नाही." हक्कांचं विचारलं तर "बोलणी चालू आहेत." करारात मात्र "लेखन संपूर्ण स्वतंत्र असून वाद झाल्यास जबाबदारी लेखकाची" असं कलम आहे. आगाऊ रकमेचा चेक मिळालाय, वटवलेला नाही. सही करू का?

उत्तर: या मसुद्यावर करू नका.

तीस टक्क्यांचा नियम कुठल्याच कायद्यात नाही. चित्रपटव्यवसायात तो पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, एवढंच. न्यायालय काय पाहतं ते १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात आहे. कल्पना, विषय, कथाबीज यांवर कुणाची मालकी नसते. ते मांडण्याच्या पद्धतीवर असते. दोन्ही कलाकृती पाहिलेल्या माणसाला दुसरी ही पहिलीचीच नक्कल आहे असं निःसंशय वाटलं, तर तो हक्कभंग. त्या खटल्यात आपल्या नाटकावरून चित्रपट उचलला असा दावा करणारे नाटककार आनंद हरले, कारण विषय एक असला तरी चित्रपटाची मांडणी बरीच वेगळी होती. तुम्हाला सांगितलेलं काम नेमकं उलटं आहे: मांडणी तीच ठेवायची आणि पाट्या बदलायच्या.

आता त्या हमीच्या कलमाकडे या, कारण खरा फास तिथे आहे. चित्रपट निर्मात्याने दिला, पण "हे माझं स्वतंत्र लेखन" असं लिहून तुम्ही देणार. उद्या मूळ हक्कधारकाची नोटीस आली की निर्माता तुमच्याकडे बोट दाखवेल, आणि कागदही त्याच्याच बाजूने बोलेल. "मला माहीत नव्हतं" असं म्हणणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५५ मध्ये थोडी सवलत आहे, पण पेनड्राइव्ह हातात घेतलेल्या माणसाला ती कशी मिळणार? कलम ६३ खाली जाणूनबुजून हक्कभंग करणारा आणि त्याला साथ देणारा, दोघेही गुन्हेगार ठरू शकतात. शिक्षा साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. दरवेळी प्रकरण तिथवर जात नाही. बहुतेकदा प्रदर्शनाच्या तोंडावर मनाई हुकुमासाठी धाव घेतली जाते आणि मग तडजोडीची रक्कम ठरते. तो भार कुणी उचलायचा, याची सोय तुमच्या करारात आधीच करून ठेवली आहे.

"बोलणी चालू" याला कायद्यात किंमत नाही. मूळ हक्कधारकाचा परवाना लेखीच लागतो. त्याची प्रत मागा आणि पाहा: देणारा खरंच मालक आहे का? मूळ चित्रपट कादंबरीवर किंवा नाटकावर बेतलेला असेल, तर त्या लेखकाने पुनर्निर्मितीचे हक्क मूळ चित्रपटाच्या निर्मात्याला दिले होते का? मराठीचा स्पष्ट उल्लेख आहे का? मुदत किती? मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. शिवाय करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही की तो संपतो. जुना परवाना दाखवला तर तारीख आधी बघा.

निर्माता कुरकुरला तर त्याच्याच फायद्याची गोष्ट सांगा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १३ नुसार, ज्या चित्रपटाचा महत्त्वाचा भाग दुसऱ्याच्या हक्काचा भंग करून बनला आहे, त्या चित्रपटाला स्वतःचा कॉपीराइटच मिळत नाही. मग ओटीटीला किंवा वाहिनीला तो विकणार काय?

परवाना खरा निघाला तर काम आनंदाने घ्या, पण कलम बदलून. "निर्मात्याने पुरवलेल्या चित्रपटाचं रूपांतर, मूळ हक्क मिळवण्याची जबाबदारी निर्मात्याची, दावा झाल्यास लेखकाचा खर्च व नुकसान निर्माता भरून देईल, लेखकाची हमी फक्त त्याने स्वतः भर घातलेल्या मजकुरापुरती." एक लक्षात घ्या, असं कलम तुमच्या दोघांपुरतंच. मूळ मालक तरीही तुमच्यावर दावा लावू शकतो. म्हणून परवाना नसताना नुसतं कलम बदलून सही करणं हाही उपाय नव्हे.

तोवर चेक वटवू नका. परवान्याची प्रत मागणारा ईमेल आजच पाठवा आणि पेनड्राइव्ह कधी, कोणत्या सूचनेसह मिळाला तेही त्यात लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निर्मात्याचे संदेश पुसू नका.