गोव्याच्या किनाऱ्यावर पाय काळे होतात, तेव्हा ते आंतरराष्ट्रीय करार कुठे असतात?

तुम्ही विचारलंय की समुद्राचं पाणी राखायला देशादेशांनी एवढे करार केलेत, मग मांद्रेला फिरायला गेल्यावर तळव्यांना डांबर का लागतं, आणि हे करार असतात तरी कुठे?

एका वहीत असतात. तिला ऑइल रेकॉर्ड बुक म्हणतात. मी पेडण्याचा. वीस वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, फिटर म्हणून उतरलो. आमच्याकडे अशा माणसाला तारवटी म्हणतात. त्यामुळे माझं उत्तर जहाजाच्या तळापासून सुरू होतं.

जहाजाच्या तळाला तेलकट पाणी साचतंच. त्याला बिल्ज म्हणतात. हे पाणी तेल वेगळं करणाऱ्या यंत्रातून, म्हणजे सेपरेटरमधून जातं, आणि दहा लाख भागांत तेलाचे 15 भाग किंवा त्याहून कमी उरले तरच समुद्रात सोडता येतं. तेल त्याहून जास्त भरलं की अलार्म वाजतो, झडप फिरते आणि पाणी परत टाकीत येतं. हा नियम मारपोलचा, म्हणजे जहाजांनी समुद्र घाण करू नये म्हणून देशांनी केलेल्या कराराचा. करार 1973 चा, त्याला 1978 ची जोड मिळाली, आणि लागू व्हायला 1983 उजाडलं. खनिज तेल वाहणाऱ्या टँकरचा हिशेब वेगळा. टाक्या धुतलेलं पाणी त्याने किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून, मैलाला 30 लिटरपेक्षा जास्त तेल जाणार नाही अशा बेताने सोडायचं. म्हणजे थोडं तेल समुद्रात जाणं कायदेशीरच आहे. हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं.

सोडलेल्या तेलातला हलका भाग उडून जातो. उरलेलं समुद्राच्या पाण्यात घुसळून घट्ट होतं, त्याला रेती चिकटते, त्याचे डांबराचे गोळे होतात, आणि मेपासून वारे फिरले की ते आपल्या किनाऱ्याला लागतात. दोनापावलच्या एनआयओतल्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी गोव्यातले गोळे तपासले आहेत. प्रत्येक तेलविहिरीच्या तेलात काही रेणूंचं प्रमाण ठरलेलं असतं, बोटांच्या ठशांसारखं. त्यावरून काही वर्षांचे गोळे टँकर धुतलेल्या परदेशी तेलाशी जुळले, काही मुंबई हाय या आपल्याच समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या तेलाशी. तेव्हा सगळं खापर परदेशी बोटींवर फोडू नका. (एनआयओचं मूळही देशांच्या एकत्र कामातच आहे. साठच्या दशकात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली, आणि त्या कामातूनच 1966 साली ही संस्था उभी राहिली.)

आता ती वही. भर समुद्रात रात्री दोन वाजता कोण बघतंय? कोणी नाही. म्हणून करार बंदरात पकडतो. तेलाची प्रत्येक हालचाल लिहायची, अधिकाऱ्याने सही करायची, पानाखाली कप्तानाने. शेवटच्या नोंदीनंतरही वही तीन वर्षं ठेवायची. झेंडा कुठलाही असो, जहाज ज्या बंदरात लागतं तिथला निरीक्षक ती मागू शकतो. हिंदी महासागरातल्या देशांनी अशा तपासणीसाठी 1998 मध्ये आपसात समझोता केला, आणि त्याचं सचिवालय कित्येक वर्षं आपल्या गोव्यातूनच चालायचं. वास्कोतल्या किती जणांना हे ठाऊक असेल देव जाणे.

हे खरंच चालतं का? एक प्रकरण सांगतो. 2013 मध्ये कॅरिबियन प्रिन्सेस या प्रवासी जहाजावर नव्याने लागलेल्या इंजिनिअरला दिसलं की सेपरेटरला वळसा घालून एक पाइप जोडलाय आणि तेलकट पाणी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ सोडलं जातंय. अशा पाइपला आमच्यात मॅजिक पाइप म्हणतात. तो इंजिनिअर साउथहॅम्प्टनला उतरला आणि त्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांना कळवलं. त्यांनी अमेरिकेला कळवलं, कारण जहाज पुढे तिकडेच जाणार होतं. जहाजाची नोंदणी बर्म्युडाची, घाण इंग्लंडजवळ, खटला मायामीत. अमेरिकेचे खटले बरेचदा वहीवरच उभे राहतात: घाण दुसऱ्याच्या समुद्रात केलीत, पण खोटी वही आमच्या बंदरात दाखवलीत. कंपनीने 2016 मध्ये गुन्हा कबूल केला, दंड 4 कोटी डॉलर. त्या इंजिनिअरला त्यातले 10 लाख डॉलर मिळाले. तिथल्या कायद्यात दंडाचा निम्म्यापर्यंत वाटा खबर देणाऱ्याला देता येतो.

मी असा पाइप बघितलाय. जहाजाचं नाव सांगत नाही. बंदर यायच्या आदल्या रात्री तो काढला, जोडाची फ्लँज बंद केली, आणि बोल्टवरचे ओरखडे दिसू नयेत म्हणून रंग मी लावला. निरीक्षक ताज्या रंगाकडेच आधी बघतात, हे नंतर कळलं. त्या दिवशी आलेल्याने मात्र चहा घेतला, वही चाळली आणि गेला. मी गप्प राहिलो. घराचं कर्ज होतं, पुढचं कॉन्ट्रॅक्ट चीफ इंजिनिअरच्या शेऱ्यावर मिळणार होतं.

पाइप का जोडतात, हेही सांगायला हवं. उरलेला गाळ, म्हणजे स्लज, बंदरात उतरवता येतो, पण त्याचे पैसे पडतात, बार्ज यायला वेळ लागतो, आणि ऑफिसमधून फोन येतो की एवढा खर्च कसा. कराराने बंदरांना सोय ठेवायला सांगितलंय, फुकट द्यायला नाही. बाल्टिकच्या बंदरांनी यावर बरी युक्ती काढली. तिथे कचरा उतरवायचे पैसे बंदर शुल्कातच धरतात, गाळ उतरवा नाहीतर नका उतरवू. पैसे दिलेलेच आहेत म्हटल्यावर समुद्रात कोण ओतेल?

उत्तर समुद्राच्या देशांनी तर 1969 पासूनच तेलावर नजर ठेवायला आपसात हद्दी वाटून घेतल्या, 1967 ला टॉरी कॅनियन हा टँकर फुटल्यावर शहाणे होऊन. विमानं घिरट्या घालतात, वर उपग्रह आहेतच. तेलाने बारीक लाटा दबतात, म्हणून रडारच्या चित्रात तेलाचा पट्टा काळा दिसतो, रात्रीही. तसे उपग्रह आपल्यावरूनही जातात, आणि तेल कुठे वाहत जाईल याचा अंदाज हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, देतं. पण पट्टा दिसल्यावर त्या वेळी तिथून कुठलं जहाज गेलं ते शोधून पुढच्या बंदराला कळवणं, ही साखळी आपल्या बाजूला मला तरी कधी जाणवली नाही. इतक्या वर्षांत आमच्या जहाजाला अरबी समुद्रातल्या पट्ट्याबद्दल कोणी एकदाही विचारलं नाही.

गोळे दिसले तर तारीख, वेळ आणि जागेसह फोटो काढून ठेवा. आणि पायाचं डांबर रॉकेलने काढू नका, कातडी जळते. खोबरेल चोळा, जुन्या फडक्याने पुसा, मग साबण.