पडद्यामागे शिरायचं कसं?

प्रश्न: मी नाशिकला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाटकात अभिनय नको, लाइट्स शिकायचेत. इंटर्नशिप कुठे मिळेल?

उत्तर: अरे, आपल्याकडे फॉर्म भरून इंटर्नशिप असं फारसं नसतं, ओळखीतूनच आत जायचं. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की हौशी ग्रुप बॅकस्टेजला माणसं शोधतच असतात, तिथे जाऊन सरळ सांग की लेव्हल (सेटचे लाकडी चौथरे) उचलतो, वायरी गुंडाळतो, फक्त लाइटवाल्या दादांच्या शेजारी बसू द्या. तुमच्या कालिदास नाट्यगृहात व्यावसायिक नाटक आलं की सेट लागताना दुपारीच जा, आधी विचारून, आणि मधे मधे करू नकोस!

पहिला धडा आत्ताच देतो. हॅलोजनचा दिवा उघड्या बोटांनी धरायचा नाही, बोटांचं तेल काचेला लागतं, तो भाग जास्त तापतो आणि दिवा फुटू शकतो. मी एक घालवलाय, ऐन तिसऱ्या घंटेला, आणि बोलणी खाल्लीत ती वेगळीच.

क्यू शीट, म्हणजे कुठला लाइट कधी बदलायचा याची यादी, मात्र पेन्सिलने लिही, दिग्दर्शक शेवटपर्यंत बदलतात. पुढे रीतसर शिकायचं तर पुण्याचं ललित कला केंद्र आहे. मानधनाचं म्हणशील तर सुरुवातीला चहा-वडापावच, पण रात्री सामान उतरवून घरी जायला रिक्षाचे पैसे न लाजता मागून घे.